सायकलची निगा

आपल्या वाशीम भागात काळी, चिकट माती. पावसात ती मडगार्डात भरते. मग चाक फिरत नाही. चिखल ओला असतानाच काडीने काढा. वाळला की दगड होतो. मग सायकल फडक्याने कोरडी पुसा. पायडल उलटे फिरवत चेनवर तेलाचे थेंब सोडा. थेंबच बरं का! जास्त तेलाला धूळ चिकटते.

पण तेल रिमला लागू देऊ नका. तिथे ब्रेकचे रबर घासते. तेलकट रिमवरून ते सरकते, सायकल थांबत नाही. माझं एकदा असंच झालं. मालेगावच्या बाजाराला निघालो होतो. उतारावर ब्रेक दाबला, तो लागेचना! मागे नातू बसलेला. पाय घासत कशीबशी थांबवली. घरी येऊन आधी रिम पुसली. रबरही पार झिजले होते, ते दुसऱ्या दिवशी बदलले.