चार दिवसांचा प्रोग्राम, तीन आठवड्यांचे लिखाण

प्रश्न : आमचा शेतकरी गट आहे. सोयाबीन ठेवायला गोदाम बांधतोय. कोणतं काम कुणाकडे हे वहीत लिहायचो, पण वही आज याच्या घरी, उद्या त्याच्या. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मुलीने (ती इंजिनिअरिंगला आहे) कामांच्या यादीचा छोटा प्रोग्राम चार दिवसांत करून दिला. सगळ्यांच्या मोबाइलवर चालतो. आता ती हॉस्टेलला परतून तीन आठवडे झाले. फोन केला की म्हणते, ‘बाबा, डॉक्युमेंटेशन लिहितेय.’ बटणं सगळी पाच. त्यावर एवढं लिहायला काय असतं?
– एक वाचक, आष्टी (ता. परतूर, जि. जालना)

उत्तर : बटणांवरच लिहायचे असते तर एक संध्याकाळ पुरली असती. तुमची मुलगी बहुधा ‘झाले’ या एका शब्दापाशी अडली आहे.

तुमच्या यादीतले एक काम धरू : जालन्याहून सळई आणणे. दुकानदाराशी भाव ठरला की एकजण ‘झाले’वर बोट ठेवतो. दुसऱ्याच्या मते पैसे पोचले की झाले. तिसरा म्हणतो, गाडी आष्टीत येऊन सळई मोजून उतरवली की मगच. प्रोग्रामला तिन्ही चालतात, त्याला नुसती खूण कळते. पण ती खूण पाहून कुणी गवंड्याला निरोप दिला, तर माणसे येऊन बसतात आणि सळई अजून जालन्यातच असते. वही होती तेव्हा हे निभावून जायचे, कारण वही ज्याच्या घरी त्याला विचारता यायचे. मोबाइलवरची खूण कुणी, काय समजून केली हे विचारायला कुणाच्या ओसरीवर जाणार?

असे प्रश्न मग एकामागून एक निघतात. एक काम दोघांच्या नावावर टाकले तर जबाबदार कोण? मुदत टळली तर पुढची तारीख कुणी द्यायची? चुकून पुसलेले काम परत मिळते का? प्रोग्राम लिहिताना यांची उत्तरे तिने भराभर, नकळत देऊन टाकलेली असतात. साध्या मराठीत लिहायला बसले की ती पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतात. एखादे पटत नाही, मग ती प्रोग्राम उघडून तो दुरुस्त करते, आणि लिहिलेले पान पुन्हा लिहिते. तीन आठवडे त्यात जातात, आणि माझ्या मते ते कारणी लागतात.

संगणकाच्या जगात या लिखाणाला जुनी परंपरा आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली तयार केली. तिच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. प्रत्येक आज्ञेला ठरावीक मथळे : नाव, ती कशी द्यायची, ती काय करते, चुकले तर कोणता संदेश येतो. आणि शेवटाकडे एक मथळा ‘बग्ज’, म्हणजे या आज्ञेत आम्हाला माहीत असलेले दोष. हा मथळा मला फार मोलाचा वाटतो. करणाऱ्याने स्वतःच लिहून ठेवले, की इथे हे नीट चालत नाही. तुमच्या मुलीलाही ते लिहावे लागेल. उदाहरणार्थ, रेंज नसताना दोघांनी एकच काम बदलले तर कुणाचा बदल टिकतो? शिवारात रेंज जाते-येते, त्यामुळे तुमच्याकडे हे कधी ना कधी होणारच. आधी वाचलेले असेल तर माणूस गोंधळत नाही.

कामांच्या यादीपुरते बोलायचे तर ‘टूडू डॉट टीएक्सटी’चे उदाहरण तिला जरूर सांगा. २००६ साली जिना ट्रपानी या अमेरिकन लेखिकेने ते पुढे आणले. ही एक साधी मजकुराची फाइल. एका ओळीत एक काम. निकडीचे असेल तर ओळीच्या सुरुवातीला कंसात ए, बी, सी असे अक्षर, प्रकल्पाच्या नावाआधी अधिकाचे चिन्ह, ठिकाणाआधी ईमेलच्या पत्त्यात असते ते ‘ॲट’चे चिन्ह, काम संपले की ओळीच्या आरंभी एक्स आणि तारीख. म्हणजे ‘पत्र्यांचे दर विचारणे’ यापुढे गोदाम आणि परतूर हे दोन शब्द चिन्हांसह आले की गोदामाची सगळी कामे एकत्र काढता येतात, आणि परतूरला निघालेल्या माणसाला तिथली कामे वेगळी दाखवता येतात. नियम थोडेच, पण नेमके लिहिलेले. म्हणून ओळखदेख नसलेल्या कितीतरी लोकांनी त्यावर आपापले प्रोग्राम बांधले, आणि प्रोग्राम बदलला तरी यादी तीच चालते. उद्या तुमची मुलगी नोकरीला लागली आणि गटातल्या दुसऱ्या कुणाच्या मुलाने प्रोग्राम हाती घेतला, तर त्याला आधी हेच पान लागेल.

आपल्या मराठवाड्यालाही असे लिखाण परके नाही. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत याच्या नावावर मेस्तके सांगितली जातात. दप्तरातल्या माणसाने लिखापढी कशी करावी, याची ती नियमावली. कारकून बदलला तरी दप्तराची रीत बदलू नये, यासाठी असे लिहून ठेवावे लागते.

आता तुम्ही काय करायचे ते. अर्धेमुर्धे लिहिले असेल तेवढे तिच्याकडून व्हॉट्सॲपवर मागवून घ्या. गटातल्या ज्याने प्रोग्राम अजून उघडलेला नाही त्याला शेजारी बसवा आणि लिहिले आहे त्याबरहुकूम एक काम यादीत टाकायला सांगा. तुम्ही बोलायचे नाही, तिलाही फोन लावायचा नाही. तो जिथे थांबेल, जो शब्द दोनदा वाचेल, ते टिपून तिला पाठवा. ‘टास्क’ शब्दावर अडखळला तर तिथे ‘काम’ लिहायला सांगा, आणि एकदा ‘काम’ म्हटले की पुढे सगळीकडे तोच शब्द ठेवायला सांगा. इतके करायला तासाभरापेक्षा जास्त लागणार नाही.

आणि ‘झाले’चा अर्थ तिच्या एकटीवर सोडू नका. गोदाम गटाचे आहे, तेव्हा तो गटाच्या बैठकीत ठरला पाहिजे. सळई उतरवून मोजली की झाले, असे ठरले तर तेवढे एक वाक्य तिला त्याच रात्री कळवा.