झिंग्यांची काचपेटी : लाकूड व पाणवनस्पती यांच्या साहाय्याने सृष्टिनिरीक्षणाचा पाठ

(इयत्ता पाचवी ते सातवीसाठी)

प्राथमिक शाळेतील सृष्टिज्ञानाचा अभ्यास पुष्कळदा चित्रांवरच भागविला जातो. फळ्यावर माशाचे कल्ले काढले जातात, वनस्पती प्राणवायू सोडतात हे वाक्य पाठ करून घेतले जाते, आणि परीक्षा झाली की ते वाक्य मुलाच्या मनातून निघून जाते. वस्तुतः पंढरपूर तालुक्यातील पुष्कळ मुलांच्या गावालगतच भीमा वाहते. पंढरपुराजवळ ती चंद्रकोरीसारखे वळण घेते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात, हे लहान मूलही सांगू शकते. परंतु त्या पाण्याच्या पोटात कोण राहते, ते काय खाते, श्वास कशाने घेते, हे त्याने क्वचितच पाहिलेले असते. नदीचा एक लहानसा तुकडा वर्गात आणून ठेवता आला तर हे ज्ञान पुस्तकातून डोळ्यांत उतरेल. वाळू, एक जुने लाकूड, काही पाणवनस्पती आणि दहा लहान झिंगे एवढ्या साहित्यावर हे काम साधते.

पाठाचा उद्देश

या पाठात मुलांच्या मनावर एकच गोष्ट ठसवावयाची आहे : पाण्यातील कोणताही जीव एकटा जगत नाही. एकाचा मळ हे दुसऱ्याचे अन्न असते, आणि ही साखळी जुळण्यास वेळ लागतो. जो शिक्षक घाई करून पेटी भरल्या दिवशीच झिंगे सोडील, त्याच्या वर्गाला चारआठ दिवसांत मेलेले झिंगे पाहावे लागतील. जिवंत प्राणी हे खडूसारखे साधन नव्हे. त्याच्या जिवाची जबाबदारी वर्गाने घेतलेली असते, हे आरंभीच सर्वांना समजावून द्यावे.

थोडा पूर्वेतिहास

इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली याने १७७१ मध्ये एक प्रयोग केला. बंद काचपात्रात मेणबत्ती जळून विझली की तेथील हवेत दुसरी ज्योत टिकत नसे. त्याच हवेत पुदिन्याची डहाळी काही दिवस ठेवली, तेव्हा ज्योत पुन्हा जळू लागली. पुढे लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी पाण्याच्या भांड्यात दोन लहान सोनमासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली. आरंभी सर्व ठीक चालले. मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. त्यांनी त्यात तळ्यातील गोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पाने खाल्ली व पाणी निवळले. हा अनुभव त्यांनी १८५० साली प्रसिद्ध केला. वनस्पती आणि प्राणी यांच्या जोडीला मळ खाणारा तिसरा घटक लागतो, हा त्यातला बोध. आपल्या पेटीत हे तिसरे काम झिंगे व सूक्ष्म जंतू करतात.

पेटी व जागा

६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद व ३० सें.मी. उंच अशी काचपेटी पुरे. तिचे घनफळ ५४ लिटर भरते. तळाशी ४ सें.मी. वाळू व वर ४ सें.मी. मोकळी जागा सोडल्यास पाणी सुमारे ४० लिटर राहते. हा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. पाणी, वाळू व काच मिळून वजन साठ किलोंच्या आसपास जाते. म्हणून पेटी डळमळत्या बाकावर न ठेवता दगडी कट्ट्यावर किंवा भक्कम मेजावर ठेवावी. उजेड भरपूर असावा, परंतु थेट ऊन नसावे. उन्हाने पाणी तापते व हिरवे शैवाल माजते.

वाळू धुतलेले पाणी स्वच्छ निघेपर्यंत ती धुवावी. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात जंतुनाशक पूड घातलेली असेल, तर ते पाणी उघड्या बादलीत निदान एक दिवस ठेवून मग वापरावे. तेवढ्यात क्लोरीन बहुतांशी उडून जातो. पाणी तांब्याच्या घागरीत किंवा हंड्यात कदापि साठवू नये. झिंग्याच्या रक्तातच तांब्याचा अंश असतो, तरीही पाण्यात विरघळलेले तांबे अगदी थोडे असले तरी त्याला मारक ठरते. डासांची अगरबत्ती, फवारणीचे औषध व शेतातील कीटकनाशक लागलेले हात यांपासूनही पेटी जपावी. कीटकांना मारणारी औषधे झिंग्यांनाही मारतात.

लाकडाची निवड व तयारी

लाकूड ही शोभेची वस्तू नव्हे. त्याच्या खडबडीत पृष्ठावर जंतू व शैवाल यांचा पातळ बुळबुळीत थर धरतो, आणि तोच थर झिंगे दिवसभर खुडून खातात. शिवाय लाकडाच्या बेचक्यात त्यांना आसरा मिळतो.

पूर्ण वाळलेले, साल गेलेले, कठीण व न कुजलेले खोड किंवा मुळी निवडावी. पेरूची जुनी वाळलेली फांदी चांगली चालते. ओले लाकूड घेऊ नये. त्यातील रस पाण्यात उतरून ते नासते. रुई, शेर, कण्हेर यांसारखी चिकाची झाडे वर्ज्य समजावीत. कडुनिंब औषधी असला तरी त्यातील द्रव्ये कीटकांना मारक आहेत, म्हणून तोही टाळावा. रंग, पॉलिश किंवा वाळवीचे औषध लागलेला सुतारकामातील तुकडा घेऊ नये.

निवडलेले लाकूड ब्रशने घासून मोठ्या पातेल्यात तासभर उकळावे व नंतर दोनतीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवावे. पाणी मधूनमधून बदलावे. वाळलेल्या लाकडाच्या छिद्रांत हवा असते म्हणून ते तरंगते. हवेची जागा पाण्याने घेतली की ते तळाशी बसते. पाण्याला चहासारखा रंग येतो, तो टॅनिन या द्रव्याचा होय. तो अपायकारक नाही. पेटीत ठेवल्यावर पहिल्या काही दिवसांत लाकडावर पांढुरकी साय येते. तीही निरुपद्रवी असून झिंगे पुढे ती खाऊन टाकतात.

पाणवनस्पती

हायड्रिला, फितीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया आणि सेरॅटोफायलम या वनस्पती पाण्यात बुडूनच वाढतात, म्हणून त्या या कामी योग्य. हायड्रिलाच्या काड्या वाळूत खोचाव्यात. व्हॅलिस्नेरियाची मुळे वाळूत पुरावीत, कोंब मात्र वर ठेवावा. नदीतून किंवा ओढ्यातून आणलेली वनस्पती प्रथम वेगळ्या टपात आठवडाभर ठेवून धुवावी. तिच्यातून चतुराच्या अळ्या येण्याचा संभव असतो, आणि त्या लहान झिंगे पकडून खातात.

पेटी मुरू देणे

लोणचे घातल्या दिवशी खात नाहीत, ते मुरावे लागते. पेटीचेही तसेच आहे. प्राण्यांच्या मळातून व सडलेल्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो. तो विषारी असतो. एका प्रकारचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जंतू त्याचे नायट्रेट करतात. ते पुष्कळच सौम्य असून वनस्पतींचे खत होते. हे जंतू वाळूवर व लाकडावर वस्ती करतात आणि ती वस्ती जमण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत दोनतीन लहान गोगलगाई सोडाव्यात व चिमूटभर अन्न घालीत जावे.

पेटी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी तीन आठवडे लावली, तर सुट्टीचा काळ आपोआप उपयोगी पडतो. सुट्टीनंतर पाणी नितळ, वनस्पतींना नवी पाने, लाकडावर थर आणि गोगलगाई तरतरीत, अशी चारही लक्षणे दिसली म्हणजे झिंगे आणावेत. एखादे लक्षण कमी असेल तर आणखी एक आठवडा थांबावे.

झिंगे आणणे व सांभाळणे

नदीतून झिंगे आणण्यासाठी मुलांना कधीही पाठवू नये. धरणातून पाणी सोडले की भीमेचे पात्र पाहता पाहता भरते. नदीवर मासेमारी करणाऱ्या कोळी बांधवांना विनंती करून दोनतीन सें.मी. लांबीचे, पारदर्शक असे दहा झिंगे मिळवावेत. लांब नांग्यांचे मोठे झिंगे घेऊ नयेत. ते लहानांवर हल्ला करतात. शेततळ्यात वाढविल्या जाणाऱ्या मोठ्या झिंग्याची पिल्ले तर प्रथम मचूळ पाण्यातच वाढतात, त्यामुळे त्याचे पुरे जीवन आपल्या पेटीत दिसणार नाही.

आणलेले झिंगे एकदम पेटीत ओतू नयेत. त्यांच्या भांड्यात पेटीतील पाणी थोडे थोडे करून तासभर मिसळावे, मग त्यांना अलगद सोडावे. अन्न अत्यल्प द्यावे : उकडलेल्या पालकाचा किंवा दुधी भोपळ्याचा नखाएवढा तुकडा एक दिवसाआड. उरलेला तुकडा दोनतीन तासांनी काढून घ्यावा. देशी बदामाचे गळून वाळलेले पान पेटीत ठेवल्यास तेही ते खुडतात. दर आठवड्याला सुमारे ५ लिटर पाणी काढून तेवढेच मुरविलेले पाणी घालावे. अन्न देण्याची व नोंद करण्याची पाळी मुलांत वाटून द्यावी. परंतु अन्न एकाच मुलाने घालावे. सर्वांनी मायेने थोडे थोडे घातले तर तीच माया झिंग्यांना मारील.

निरीक्षण व प्रश्नोत्तरे

मुलांनी पाय मोजावेत. कीटकाला सहा, कोळ्याला आठ, झिंग्याला दहा. पोटाखालचे पोहण्याचे अवयव वेगळे. मादी आपली अंडी याच अवयवांना चिकटवून वागविते व त्यांना सतत हालवून ताजे पाणी देते. दुपारच्या उजेडात हायड्रिलातून बुडबुडे निघतात, तेव्हा प्रीस्टलीच्या प्रयोगाची आठवण द्यावी. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात, म्हणून पहाटे पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. सकाळी झिंगे पृष्ठभागाशी गोळा झालेले दिसले तर पेटीत गर्दी किंवा कूज झाली आहे असे जाणावे.

एके दिवशी मुले निश्चित धावत येतील. त्या प्रसंगी पाठ पुढीलप्रमाणे घ्यावा :

विद्यार्थी : गुरुजी, एक झिंगा मेला!

शिक्षक : नीट पाहा बरे. त्याच्या आत मांस दिसते काय?

विद्यार्थी : नाही गुरुजी, पोकळ आहे. पाठीवर फाटले आहे.

शिक्षक : आता झिंगे मोजा.

विद्यार्थी : एक, दोन... दहाच आहेत! एक लाकडाखाली बसला आहे.

शिक्षक : मग हे काय असेल?

विद्यार्थी : त्याने कात टाकली!

झिंग्याचे कवच वाढत नाही. शरीर वाढले की जुने कवच टाकावे लागते. नवे कवच प्रथम मऊ असते, म्हणून तो लाकडाच्या आसऱ्याला लपतो. टाकलेले टरफल काढू नये. त्यातील चुना झिंगे पुन्हा खातात. खरोखर मेलेला झिंगा मात्र अपारदर्शक, पांढुरका किंवा तांबूस होतो. तो लगेच काढावा आणि मृत्यूचे कारण वर्गाने मिळून शोधावे.

पेटीतून नदीकडे

पाठाचा शेवट नदीवर व्हावा. मुलांना विचारावे : वनस्पती जर पाण्याला प्राणवायू देतात, तर नदीवर पसरलेली जलपर्णी काढून टाकण्याची खटपट का करावी लागते? उत्तर पेटीत आहे. हायड्रिला पाण्याच्या आत पाने पसरते; जलपर्णीची पाने हवेत असतात. ती आपला प्राणवायू हवेत सोडते, खालच्या वनस्पतींचा उजेड अडविते, आणि मेल्यावर कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते. ती मूळची दक्षिण अमेरिकेतील आहे. उजनी जलाशयात विपुल मिळणारी चिलापीही मूळची आफ्रिकेची. बाहेरचा जीव एकदा नदीत शिरला की त्याला परत बोलाविता येत नाही. म्हणून बाजारातून आणलेले रंगीत झिंगे, मासे किंवा वनस्पती नदीत, ओढ्यात वा विहिरीत कधीही टाकू नयेत, हा नियम मुलांच्या वहीत लिहून द्यावा.

पेटी मार्चअखेर मोडावी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो : २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. सुट्टीत बंद वर्गातील झिंगे वाचणार नाहीत. पेटीत बाहेरचे काहीही मिसळले नसेल, तर झिंगे जेथून आणले त्याच जागी शिक्षकाने नेऊन सोडावेत. वनस्पती उन्हात पूर्ण वाळवून खतात घालाव्यात. लाकूड वाळवून ठेवावे. पुढील वर्षी ते अधिक उपयोगी पडेल.

स्वाध्याय

१. तुमच्या पेटीत किती लिटर पाणी आहे ते मोजमाप घेऊन काढा.
२. दहा दिवस सकाळी व दुपारी झिंगे कोठे बसतात याची नोंद करा.
३. लाकूड पेटीतून काढले तर कोणाकोणाचे काय बिघडेल ते लिहा.
४. कात टाकणारे आणखी तीन प्राणी सांगा.
५. तुमच्या गावच्या नदीत, ओढ्यात किंवा तळ्यात कोणत्या वनस्पती बुडून वाढतात व कोणत्या तरंगतात, ते मोठ्या माणसांबरोबर जाऊन पाहा.