आधीं अन्न, मग उपदेश

"आधीं पोटोबा, मग विठोबा" ही म्हण आपल्या गांवांत खादाड मनुष्याची थट्टा करण्यासाठीं वापरतात. परंतु, प्रिय वाचकहो, एक असा आजार आहे कीं ज्यांत ही थट्टेची म्हण अक्षरशः खरी ठरते. त्या आजारांत मनुष्य घरांत अन्न असतां उपाशी राहतो, आणि अंगांत त्राण नसतां धांवतो. त्यांतून शरीर कसें सांवरतें आणि शरीरामागून मन कसें सांवरतें, ह्याविषयीं आजच्या पाठांत आम्ही विचार करणार आहों.

आजाराचें स्वरूप

प्रारंभ बहुधा निर्दोष दिसतो. "अंगानें सुटलीस हो" असें कोणी सहज बोलतो, आणि मुलगी भात सोडते. एखादा तरुण पोलीसभरतीच्या १६०० मीटर धांवण्याची तयारी करितांना भाकरी निम्मी करितो व फेरे दुप्पट करितो. लोक वाहवा करितात. पुढें मात्र जें साधन होतें तेंच धनी होऊन बसतें. ताटाकडे पाहून भीति वाटूं लागते. एक घांस अधिक गेला तर त्याचें प्रायश्चित्त म्हणून रात्रीं दार लावून उठाबशा चालतात. अंगांत ताप असला तरी व्यायाम चुकत नाहीं, आणि चुकलाच तर जीव कासावीस होतो. कित्येक जण लपून पुष्कळ खातात व मग ओकून टाकितात. हळूहळू हातपाय गार पडतात, केस गळतात, नाडी मंद होते, मुलीची पाळी बंद होते, आणि घरच्यांशीं बोलणें तुटतें.

अशा वेळीं घरचे म्हणतात, "हा हट्ट आहे." शेजारी म्हणतात, "बाहेरचें कांहींतरी असेल." आणि आपल्यापैकीं एखादा उपदेशक म्हणतो, "मनाचा दुबळेपणा आहे." हीं तिन्ही निदानें चुकीचीं आहेत. हा खरा आजार आहे, तो मुलींस होतो तसा मुलांसही होतो, आणि मनाच्या आजारांत अत्यंत प्राणघातक अशा आजारांत त्याची गणना होते.

लंडन येथील सर विल्यम गल ह्या वैद्यांनीं १८७३ सालीं ह्या आजारासंबंधीं निबंध वाचला, आणि त्याला ॲनोरेक्सिया नर्व्होसा हें नांव दिलें. त्याच वर्षीं पॅरिस येथें डॉक्टर लासेग ह्यांनींही त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. गल ह्यांस एका गोष्टीचें फार नवल वाटलें. ज्या मुलींच्या अंगावर हाडें व कातडें एवढेंच उरलें होतें, त्या स्वस्थ बसत नसत; सारख्या हिंडत फिरत असत. म्हणजे उपासमार आणि अति हालचाल हीं एकाच रोगाचीं दोन अंगें आहेत, हें दीडशें वर्षांपूर्वींच दिसून आलें होतें. गल ह्यांचा उपाय साधा होता: ऊब द्यावी, थोड्याथोड्या वेळानें खाऊं घालावें, आणि खाण्याच्या बाबतींत रोग्याच्या मर्जीवर विसंबूं नये.

छत्तीस तरुणांची साक्ष

उपासमारीनें मनाचें काय होतें हें जगास नीट कळलें तें दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. युरोपांत लक्षावधि लोक उपाशी होते, आणि त्यांस पुन्हा कसें पोसावें हें कोणास ठाऊक नव्हतें. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत डॉक्टर अँसेल कीज ह्यांनीं नोव्हेंबर १९४४ मध्यें एक प्रयोग आरंभिला. त्यासाठीं ३६ निरोगी तरुण आपण होऊन पुढें आले. सदसद्विवेकबुद्धीस स्मरून शस्त्र धरण्यास नकार देणारे असे हे तरुण होते. त्यांतील पुष्कळ ब्रदरेन, क्वेकर व मेनोनाइट ह्या शांततावादी ख्रिस्ती मंडळ्यांतील होते. दुसऱ्याचा जीव घेणार नाहीं, पण उपाशी लोकांसाठीं आपल्या देहाला कष्ट देऊं, असा त्यांचा निश्चय होता.

पहिले १२ आठवडे त्यांस दररोज सुमारें ३२०० कॅलरींचें पुरेसें अन्न मिळालें. मग फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे त्याच्या निम्म्याइतकेंच, म्हणजे सुमारें १५७० कॅलरींचें, अन्न देण्यांत आलें. त्यांत मुख्यतः पाव, बटाटे, सलगम व कोबी असे. शिवाय प्रत्येकानें आठवड्यास २२ मैल चालावयाचें होतें. त्यांचें वजन सरासरीनें जवळजवळ चौथ्या हिश्श्यानें उतरलें. नाड्या मंदावल्या, पाय सुजले, आणि ऐन उन्हाळ्यांत त्यांस पांघरूण लागूं लागलें.

परंतु खरी शिकवण देहापेक्षां मनाची आहे. हे तरुण आनंदी, विचारी व परोपकारी होते. कांहीं महिन्यांत ते चिडखोर, उदास व एकलकोंडे झाले. अन्नावांचून दुसरा विषय त्यांच्या डोक्यांत राहीना. ते पाककृतींचीं पुस्तकें वाचीत, अन्नाचीं स्वप्नें पाहत, एकेक घांस चघळीत तासन्‌तास ताटापाशीं बसत आणि बशा चाटून पुसून ठेवीत. त्यांचा स्वभाव पालटला नव्हता. त्यांचें पोट रितें होतें. आपल्या घरांतील आजारी मुलाची चिडचिड, खोटें बोलणें, ताटांतील अन्न चिवडीत बसणें हें पाहून त्याच्या शीलाविषयीं निकाल देण्यापूर्वीं ह्या ३६ जणांची आठवण करावी.

एक भेद मात्र ध्यानांत ठेवावा. त्या तरुणांस अन्नाची भीति नव्हती. आपल्या रोग्यास ती असते. म्हणून अन्न हा उपचाराचा आरंभ आहे, शेवट नव्हे. पण तो आरंभ टाळून पुढें जातां येत नाहीं.

सांवरणें किती दिवसांचें?

जुलै १९४५ च्या अखेरीस त्यांचें अन्न वाढविण्यास सुरुवात झाली. त्यांचे चार गट करून प्रत्येकास कमीअधिक वाढ देण्यांत आली. ज्यांस थोडीच वाढ मिळाली, त्यांची प्रकृति आठवड्यांमागून आठवडे गेले तरी जेमतेम सुधारली. जीवनसत्त्वांच्या गोळ्या देऊनही विशेष फरक पडला नाहीं. अन्न भरपूर वाढविलें तेव्हां पडला. अशा मनुष्यास कित्येक महिने दररोज सुमारें ४००० कॅलरींचें अन्न लागतें, असें कीज ह्यांनीं ठरविलें.

दुसरी गोष्ट अशी कीं, पोट भरलें तरी त्यांची भूक शमेना. वजन वाढतांना प्रथम चरबी आली, आणि कांहीं काळ तें पूर्वींपेक्षांही अधिक झालें. पुढें सुमारें वर्षभरांत तें आपोआप पूर्वस्थितीवर आलें. ह्याच टप्प्यावर आजचे पुष्कळ रोगी घाबरतात. "आतां माझें खाणें आवरणारच नाहीं," असें म्हणून ते पुन्हा उपासाकडे वळतात. त्यांस सांगावें कीं, हा अधाशीपणा नव्हे. लुटलेलें शरीर आपलें ऋण वसूल करीत आहे, आणि तें फिटल्यावर भूक आपल्या जागीं येते. त्या प्रयोगांतील हयात मनुष्यांस पुढें अनेक वर्षांनीं विचारलें असतां, पूर्ववत्‌ होण्यास आपणांस दोन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत काळ लागला, असें त्यांनीं सांगितलें. तेव्हां महिन्याभरांत गुण आला नाहीं म्हणून घरच्यांनीं धीर सोडूं नये.

उपचाराचा क्रम

पहिली गोष्ट, डॉक्टर. फार दिवस उपाशी असलेल्यास प्रेमापोटीं एकदम पोटभर जेवूं घालणें धोक्याचें आहे. रक्तांतील फॉस्फेट व पोटॅशियम हीं द्रव्यें एकाएकीं उतरून हृदय बंद पडूं शकतें. महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या कित्येक उपाशी कैद्यांस असा अपाय झाला होता. म्हणून पहिले दिवस रक्त तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं अन्न वाढवावें. घेरी येऊन पडणें, छातींत दुखणें, जागेपणीं नाडी मिनिटास ५० च्या खालीं जाणें, वारंवार ओकणें, पाणीही न घेणें किंवा जीव देण्याची भाषा करणें, ह्यांपैकीं एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. मनाच्या त्रासांत विचारपूस करण्यास भारत सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेली-मानस ह्या सेवेचा १४४१६ हा दूरध्वनि क्रमांक आहे.

दुसरी गोष्ट, नेमानें खाणें. भूक लागेल तेव्हां खा, असें ह्या रोग्यास सांगून उपयोग नाहीं, कारण त्याची भूक खोटें सांगते. तीन वेळां जेवण आणि मध्यें दोन-तीन वेळां दूध, शेंगदाणे-गूळ, अंडें किंवा केळें, असा घड्याळाचा नेम असावा. मागून भात, तेल, तूप हीं भीतीचीं अन्नें एकेक करून ताटांत परत आणावीं. आरंभीं पोट फुगतें व जड वाटतें. उपासानें आंतडीं मंदावलेलीं असतात म्हणून असें होतें, आणि खाण्यानेंच तें जातें.

तिसरी गोष्ट, विसांवा. शेतकऱ्यास हें सांगावयास नको. ज्या बैलास वैरण मिळाली नाहीं त्याला नांगरास जुंपणारा बैलही गमावतो आणि पेरणीही. अन्नाहून श्रम अधिक झाले कीं शरीर हाडांतून, स्नायूंतून व हृदयांतून खर्च भागवितें. पाळी बंद होणें ही निव्वळ सोय नव्हे. त्या काळांत हाडें ठिसूळ होत असतात, आणि तरुणपणीं झालेलें हें नुकसान पुढें पूर्णपणें भरून येईलच असें नाहीं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनींही २०१४ सालीं खेळाडूंस हा इशारा दिला. म्हणून वजन, नाडी व पाळी पूर्ववत्‌ होऊन डॉक्टर सांगतील तोंपर्यंत धांवणें बंद ठेवावें. मग प्रथम कोणाच्या सोबतीनें, गप्पा मारीत, थोडें चालावें. परीक्षा एकच: आज व्यायाम चुकला तर मन शांत राहतें काय? राहत नसेल, तर तो व्यायाम नव्हे, आजार आहे.

चौथी गोष्ट, मन. वजन भरलें म्हणजे मन भरलें असें नाहीं. अंगावर मांस आल्यावरही "तूं जास्त खाल्लेंस" असें म्हणणारा आंतील आवाज पुष्कळ महिने उरतो. त्याच्याशीं वाद घालीत न बसतां ताटांतील घांस पुरा करावा. आवाज ऐकूं येणें म्हणजे आज्ञा मानणें नव्हे. शक्य तेथें मनाच्या डॉक्टरांचें साह्य घ्यावें. मध्येंच एखादा आठवडा पाय घसरला तर सर्व श्रम वायां गेले असें मानूं नये. पुढच्याच जेवणापासून पुन्हा नेम धरावा.

घरच्यांचें व उपदेशकाचें काम

नातलग हे ह्या रोग्याचे सर्वांत वाईट सेवक असें गल ह्यांचें मत होतें. आज हें मत पालटलें आहे. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयांतील डॉक्टरांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, १९ वर्षांच्या आंतील व तीन वर्षांहून कमी दिवस आजारी असलेल्या मुलांस कुटुंबाच्या साह्यानें केलेला उपचार अधिक लागू पडतो. त्या पद्धतींत आईबाप कांहीं काळ मुलाच्या जेवणाचा भार आपणांवर घेतात: काय व किती वाढावयाचें तें ते ठरवितात, जवळ बसतात, रागावत नाहींत आणि मागेंही हटत नाहींत. आजार आईबापांच्या दोषानें येतो असें ते डॉक्टर मानीत नाहींत. पण आईबापांच्या प्रेमाची शक्ति मात्र ते पूर्ण वापरतात. जेवतांना शरीराच्या जाडीविषयीं चकार शब्द काढूं नये. "आतां बरी भरलीस" ही स्तुतीही रोग्यास टोंचते.

उपदेशकांस आमची विशेष विनंति आहे. अशा घरीं गेलांत तर प्रथम विचारा, "आज काय जेवलीस? डॉक्टरांनीं काय सांगितलें?" उपवास-प्रार्थनेचा दिवस आला तर त्या व्यक्तीस उपवासांतून स्पष्ट शब्दांत मोकळें करा, नाहींतर ती आपल्या आजारास भक्तीचें पांघरूण घालील, आणि तें काढणें आईच्या हातीं राहणार नाहीं. "मी तुम्हांपैकीं उपवास करणारा आहें" ह्याचा अभिमान तिला वाटूं देऊं नका. मग ताटावर तिच्या शेजारीं बसा, आणि तुम्हीही भाकरी मोडा. उपाशी डोक्यांत बोध शिरत नाहीं. अन्न पोटांत गेलें कीं तुमच्या शब्दांनाही घर मिळेल.

मननासाठीं प्रश्न

१. मिनेसोटा येथील तरुणांच्या स्वभावांत पडलेल्या फरकावरून आजारी मनुष्याविषयीं आपण काय शिकतों?

२. फार दिवस उपाशी असलेल्यास एकदम भरपूर खाऊं घालणें धोक्याचें कां आहे?

३. उपयोगी व्यायाम आणि आजारी व्यायाम हे कसे ओळखावे?

४. आपल्या मंडळींत एखाद्याच्या अंगाविषयीं सहज बोलण्याची संवय आहे काय? ती मोडण्यास आपण ह्या आठवड्यांत काय करूं?