बाळाच्या दुपट्याला वास का येतो?

खुटबावच्या उन्हात दीड-दोन वर्षांचे पोर दिवसभर अंगणात खेळते, पाणी मात्र थोडेच पिते. मग मूत्रपिंडे शरीरातले पाणी राखून ठेवतात. लघवी कमी, गडद पिवळी आणि उग्र वासाची होते. पाणी पाजत राहिले की वास उतरतो. मेथीची भाजी खाल्ली तरी गोडसर वास येतो, तोही निरुपद्रवीच.

ओले दुपटे कोपऱ्यात पडून राहिले तर वास नाकाला झोंबतो. त्यात बाळाचा काय दोष? युरियाला वास नसतो. जंतूंचे युरिएज हे विकर त्याचा अमोनिया बनवते.

पण ताजी लघवीच घाण वासाची, आणि बाळाला ताप? मग मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असू शकतो. नाकावर विसंबू नये, लघवी तपासावी लागते.

नॉर्वेतील एका आईने आपल्या दोन मुलांच्या लघवीच्या विचित्र वासाचा पिच्छा सोडला नाही. मुलांच्या बुद्धीची वाढ खुंटली होती. १९३४ साली डॉ. फोलिंग यांनी त्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकले, तर ती हिरवी झाली! फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात विकार असा सापडला. आता अनेक देशांत नवजात बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून तो ओळखतात आणि वेळीच आहार बदलून मेंदू वाचवतात.