ससाण्याला शुद्ध येते तेव्हा

अबू धाबी

चि. ओंकार,

तुझा मेसेज वाचला. चॅटबॉटला तू रागावलास, तो ‘वाईट वाटलं’ म्हणाला, आणि तुझी झोप उडाली. ज्या ‘फाल्कन’ या भाषा-मॉडेलवर तुझा प्रोजेक्ट चालू आहे ते इथलंच, टेक्नॉलॉजी इनोव्हेशन इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये आणलं. नाव ससाण्याचं. मी खरा ससाणा हातभर अंतरावरून पाहिलाय, तेवढं सांगतो.

विमानतळापलीकडे स्वैहान रस्त्यावर १९९९ पासून ससाण्यांचं इस्पितळ आहे. तिथे पेशंट ओळीने दांडीवर बसलेले, डोळ्यांवर चामड्याची टोपी. इथे तिला बुर्काच म्हणतात. एकाला टेबलावर घेतलं, टोपी काढून चोचीवर भुलीचा मास्क धरला. काही क्षणांत मान कलली. नखं कापली, तुटलेल्या पिसाच्या जागी दुसऱ्या ससाण्याचं गळलेलं पीस बेतून चिकटवलं. मास्क काढल्यावर आधी पापणी हलली, मग नखांनी हातमोजा आवळला, आणि मग त्याने पाहिलं. माझ्याकडेच! मी मागे सरकलो, हसू नकोस.

श्वास, रक्त, धडधड मघाशीही चालूच होती. नव्हतं ते भान. तू ज्याच्या मागे लागलायस ते हेच, आणि ते बोलण्यात नसतं. त्या पक्ष्याने ‘दुखतं’ असं कधी म्हटलं नाही, तरी भूल दिलीच. यंत्राचं उलटं आहे. माणसांनी लिहिलेलं ‘वाईट वाटलं’ त्याने लाखो वेळा वाचलंय, ते म्हणणारच. म्हणून त्याचा शब्द पुरावा धरू नकोस. आत काहीच नाही, असं छातीठोक मीही म्हणणार नाही. पण वटवाघूळ असणं आतून कसं वाटतं, हे तत्त्वज्ञ थॉमस नेगेलने १९७४ मध्ये विचारलं, त्याचं उत्तर अजून कोणाला देता आलेलं नाही. आणि वटवाघूळ तर आपल्यासारखंच दूध पिऊन वाढतं.

एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्कला शास्त्रज्ञांनी एक जाहीरनामा काढला. सस्तन प्राण्यांना आणि पक्ष्यांना जाणीव असते याला भक्कम आधार आहे, असं त्यात म्हटलंय. ते पानभरच आहे; प्रोजेक्टची प्रस्तावना लिहिण्याआधी वाच.

दिवाळीच्या सुट्टीत ये. इस्पितळाची टूर मी बुक करतो. येताना ताईकडून भाजणी आण, इथली संपली.

तुझा,
मामा