जुन्या घराचे फोटो

नवी मुंबईच्या विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर ही गावे उठली. पुष्कळ कुटुंबे वडघर-करंजाडे भागात आली. जुने घर, अंगण आता फोटोतच पाहायचे. अन् फोटो आहेत मोबाइलात.

पण हवा तेव्हा फोटो सापडत नाही. ‘शुभ सकाळ’च्या चित्रांत तो हरवतो. जागा भरली, की माणूस घाईने डिलीट करत सुटतो. डिलीट म्हणजे पुसणे. इथेच घात होतो.

गुगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असेल, तर फोटोची एक प्रत मोबाइलात व दुसरी गुगलकडे राहते. तिथे फुकट जागा १५ जीबी. १ जून २०२१ पासून नवे फोटो त्यातच मोजतात. या ॲपमध्ये फोटो पुसला, की दोन्ही प्रती जातात. बॅकअप झालेला फोटो ६० दिवस कचरापेटीत राहतो. तेवढ्यात परत आणता येतो. पुढे तो कायमचा गेला!

म्हणून घराचे फोटो निवडून त्यांचा अल्बम करा. एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. मगच नको ती चित्रे पुसा.

अल्बमला नाव द्या : ‘जुने घर, कोपर’. तुम्हांला आता लिहिता येते. हे नाव स्वतःच्या हाताने लिहा.

सांगा : पुसलेला फोटो किती दिवसांत परत आणता येतो?