आकड्यांचा आणि काळाचा पेहराव

न्यासाच्या या महोत्सवी अंकात संगणकाचा धडा पाहून काही वडीलधाऱ्यांस नवल वाटेल. परंतु आज जमाखर्च संगणकावरच मांडला जातो, आणि आकडा भलताच छापला गेला तर वर्गणीदाराचा विश्वास उडतो. म्हणून इतवाऱ्यातील आमच्या विद्यार्थ्यांसाठी, लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या पर्ल या संगणकभाषेच्या आधारे आम्ही दोन गोष्टी येथे सांगत आहोत.

पहिली गोष्ट रकमेची. १२३४५६७ ही रक्कम आपण १२,३४,५६७ अशी लिहितो. पर्लच्या पुस्तकांतून आढळणारी नेहमीची युक्ती तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देते. ती आपल्या लाख-कोटींस चालत नाही. शेवटचे तीन अंक अलग ठेवून उरलेल्यांत दोन-दोनांचे गट पाडावेत. याहून मोठा धोका निराळाच आहे. स्वल्पविराम घातलेली रक्कम बेरजेस दिली, तर पर्ल पहिल्या स्वल्पविरामापाशीच थांबते आणि बारा लाखांचे बारा रुपये करते! अंक देवनागरी असतील तर ती त्यांस शून्यच मानते. तेव्हा आत साधे इंग्रजी अंक ठेवावेत. बेरीज आधी, स्वल्पविराम शेवटी.

दुसरी गोष्ट काळाची. आपल्या बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. फारुकी राजा आदिलशहाच्या त्या लेखात शके १५११ (इ. स. १५९०), पौष शुद्ध पक्ष, सोमवार, रात्रीच्या ११ घटका गेल्या, असा काळ नोंदविला आहे. एक घटका म्हणजे २४ मिनिटे. म्हणून ११ घटका म्हणजे २६४ मिनिटे, अर्थात १५,८४० सेकंद. यास ३,६०० ने भागले की ४ तास येतात. बाकी १,४४० राहते, तीस ६० ने भागले की २४ मिनिटे. पर्लमधील ‘स्प्रिंटएफ’ या क्रियेने हे ४:२४:०० असे नीट मांडता येते. हाच काळ दशांशांत ४.४ तास होतो. हा भेद न जाणणारा कारकून ४ तास ४० मिनिटांची मजुरी लावील. तसेच दिवसाची वेळ सांगणारी ‘जीएमटाइम’ ही क्रिया कालावधीसाठी वापरू नये. २५ तास झाले की ती तासांच्या जागी १ च दाखविते.

शिलालेखात आकड्याबरोबर घटी हे एकक कोरलेले आहे, म्हणूनच चारशेहून अधिक वर्षांनी तो काळ आपणांस मोजता येतो. आमच्या विद्यार्थ्यांनीही हाच नियम पाळावा : हिशेब साध्या अंकांत व सेकंदांत ठेवावा, पेहराव शेवटी चढवावा, आणि एकक लिहिण्यास कधीही विसरू नये.